पक्की शाई

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली, १९८४ साली पहिलीत आलेली पोरं जमली. पोरं म्हणायचं आपलं, डोकी सगळ्यांची पिकलेली. आजकाल गावोगाव असे मेळावे होतात. मंडप, फेटे, जेवण आणि गुरुजींना शाल-नारळ. मला शाल-नारळासोबत एक शाईपेन मिळालं आणि शाईची एक दौत. देणारा पोरगा आता वर्ग दोनचा अधिकारी आहे. माईकवर म्हणाला, "गुरुजींनी जन्मभर निळ्या शाईनं लिहिलं आणि लाल शाईनं आमच्या चुका काढल्या. आता त्यांनी हिरव्या शाईनं सही करावी." टाळ्या झाल्या. मीही हसलो. दौत उन्हात धरून बघितली. आत गर्द हिरवा रंग हलला, आणि सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची एक भीती पोटात उगीच हलली.

रात्री घरी सगळे झोपल्यावर दौत उघडली. नवं पेन कपाटात ठेवलं. हाताला जुनंच बसलेलं आहे. ते आधी रिकामं केलं. तांब्यात पाणी घेऊन चार वेळा धुतलं. प्रत्येक पाण्याला निळं निघत होतं. पाचव्या पाण्याला वाटलं, झालं. जुन्या धोतराच्या चिंधीनं निब पुसलं, शाई भरली आणि वहीवर पहिली ओळ ओढली. ती हिरवी आलीच नाही. मोरपंखी आली. दुसरी ओळ तशीच, तिसरी जरा बरी. निबाखालच्या खाचेत जुनी निळी कुठंतरी धरून बसली होती. अर्धं पान गिरगिटल्यावर खरा हिरवा उतरला, भिजपावसानंतरच्या हरभऱ्याच्या पानासारखा. मग सवयीनं, नवं पेन हाती आलं की माणूस जे करतो तेच केलं. सही केली. आणि आजूबाजूला बघितलं, कुणी पाहत तर नाही ना.

सत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वहीवर स्वतःचं नाव लिहितो आणि चोरासारखा दाराकडं बघतो. का? त्या रात्री हाच प्रश्न घेऊन बसलो.

*

आमच्या पिढीला शाई ही वर्णव्यवस्थेसारखीच शिकवली गेली. कुणी शिकवली नाही, आपोआप अंगात भिनली. आमच्या बापाची शाई जांभळी. म्हणजे स्टॅम्पपॅडची. सोसायटीचं कर्ज असो की तलाठ्याचा कागद, बाप डावा अंगठा पुढं करायचा, आणि घरी येऊन तो जांभळा अंगठा मातीनं घासायचा. लेकरांची शाई निळी. शाळेत असताना दुकानातून शाईच्या गोळ्या आणायच्या, बाटलीतल्या पाण्यात टाकायच्या आणि विरघळेपर्यंत हलवायच्या. पैसे वाचवायला पाणी जास्त घालायचो, मग अक्षरं इतकी फिकी यायची की गुरुजी म्हणायचे, "हे काय धुवायला लिहिलंस का?" पुढं कॅमलची दौत आली. हे दांडेकरांचं कॅमलिन मुंबईत १९३१ साली निघालं, ते शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासूनच. लाल शाई गुरुजींची. तिला लेकरानं हात लावायचा नाही. आणि हिरवी शाई साहेबाची.

हिरव्या शाईनं सही करायचा हक्क राजपत्रित अधिकाऱ्यालाच, असं आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. दिल्लीच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत हिरव्या-लाल शाईची जी सोय आहे, ती मसुद्यातल्या वरच्या साहेबांच्या दुरुस्त्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून. गंमत अशी की हा मान सातासमुद्रापारही आहे. इंग्लंडच्या गुप्तहेर खात्याचे पहिले प्रमुख कमिंग १९०९ साली नेमले गेले. ते हिरव्या शाईत नुसतं एक अक्षर लिहून सही करायचे, आणि त्यांच्यानंतरच्या प्रमुखांनी ती रीत चालू ठेवली. पण आमच्या भागात रंगाची जरब जास्त असायला आणखी एक कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. महसुलाचे कागद उर्दूत. आमच्या आजाला आपल्याच जमिनीचा कागद वाचता यायचा नाही. ज्याला मजकूर वाचता येत नाही तो काय बघणार? शिक्का बघणार, सही बघणार, शाईचा रंग बघणार. कागद खरा की खोटा, हे मजकुरावरून नव्हे, रंगावरून ठरवायची सवय आम्हाला तिथून लागली. आजा गेला, निजाम गेला, मी मराठी शाळेत शिकून मास्तर झालो. सवय गेली नाही.

*

१९७८ साल. मी डी.एड. झालेलो. शिक्षकाच्या जागा निघाल्या होत्या. अर्जाला गुणपत्रकांच्या खऱ्या प्रती जोडायच्या. झेरॉक्स आमच्याकडं आलेलं नव्हतं. टायपिंगवाल्याकडून प्रत करून घ्यायची आणि राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणायची, आमच्या बोलीत 'अटेस्टेड' करायची. साहेबानं मूळ कागद बघायचा, प्रत बघायची आणि खाली सही करायची की ही खरी आहे.

मी उस्मानाबादला आलो. तेव्हा धाराशिव म्हणायची रीत गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी होती, कागदावर नव्हती. एका साहेबाच्या दाराशी दिवसभर बसलो. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी साहेब आले, पण मीटिंग. शिपाई म्हणाला, "तुम्हाला साहेब ओळखत्यात का? ओळख असल्याबिगर सही करत नाहीत." मला कोण साहेब ओळखणार? मला ओळखणारा माणूस म्हणजे माझा बाप. मी कितवीत किती मार्क पाडले, कोणत्या कंदिलाखाली पाडले, हे त्यानं डोळ्यानं बघितलेलं. पण त्याचा अंगठा चालत नव्हता. आणि ज्याची सही चालत होती त्यानं मला जन्मात बघितलं नव्हतं.

तिसरा दिवस अर्जाचा शेवटचा. खोलीवरचा एक मित्र होता. संध्याकाळी म्हणाला, "आण तुझे कागद." त्यानं ट्रंकेतून हिरव्या शाईची दौत काढली आणि एक रबरी शिक्का. शिक्का सोलापुरात करून आणलेला. अधिकारी कोण, कुठला, काही वाचता येऊ नये इतका झिजवलेला. मूळ गुणपत्रक आणि प्रत त्यानं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. एक आकडा टायपिंगवाल्यानं चुकवला होता. तो त्यानं पकडला, दुरुस्त करायला लावला. मग हिरव्या शाईनं एक सही ओढली, साहेब ओढतात तशी, न वाचता येणारी. म्हणाला, "साहेबानं एवढं बघितलं असतं का रे?"

त्या अर्जावर मला नोकरी लागली. मुलाखतीला मूळ गुणपत्रकं दाखवली, सगळी जुळली. कुणाची जागा मी खाल्ली नाही, एक मार्क वाढवला नाही. तरी सांगतो, पुढची पस्तीस वर्षं मी त्या सहीला भ्यालो. तपासणीला साहेब आले की वाटायचं, माझी फाईल घेऊन आले. खाकी पाकीट दिसलं की छातीत धस्स व्हायचं. ३१ मे २०१३ ला निवृत्त झालो, त्या दिवशी सत्काराला उभा असतानाही मनात हेच, की सुटलो, आता फाईल बंद. त्यानंतर २०१५ साली राज्य सरकारनं स्वयंसाक्षांकन आणलं. म्हणजे आपल्या कागदाला आपणच सही करून खरा म्हणायचं. बातमी वाचून मी एकटाच हसलो. तीन दिवस ज्याच्यासाठी उंबरे झिजवले आणि पस्तीस वर्षं ज्याला भ्यालो, ते एका शासन निर्णयानं कुणाच्याही निळ्या पेनात आलं होतं.

हे माझं हिरव्या शाईचं पाप. आता निळ्याकाळ्या शाईचं सांगतो. ते मी कधी पाप म्हणून मोजलंच नव्हतं.

*

मी ३१ मे ला निवृत्त झालो, कारण माझा जन्म १ जूनचा. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते. त्या ३१ मे ला आमच्या तालुक्यात एकटा मीच निवृत्त झालो नाही. सत्काराचे हार कमी पडावेत इतके होतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, पन्नाशीच्या पुढच्या माणसांना जन्मतारीख विचारा. १ जून, १ जून, १ जून. अर्धं गाव एका दिवशी कसं जन्मलं? गुरुजींनी जन्माला घातलं. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा होता, पण घरी, सुईणीच्या हातावर झालेल्या लेकराची नोंद करायला कोण जातंय? लेकरू थेट शाळेच्या दारात यायचं. हात डोक्यावरून पलीकडं नेऊन कान धरता आला, की वय भरलं. सहा पूर्ण धरायचे, मागं मोजायचं आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून टाकायचा. माझ्या गुरुजींनी माझी टाकली, मी शेकड्यांची टाकली.

ती दाखलखारीज रजिस्टरात टाकायची. जनरल रजिस्टर. शाळेचं कायमचं दप्तर. बाकीचे कागद ठरावीक वर्षांनी निकाली निघतात, हे निघत नाही. म्हणून ते निळ्याकाळ्या शाईनं लिहायचं. ही शाई साध्या निळीसारखी नसते. जुने लोक हिरडा, बाभळीची साल आणि हिराकस घालून शाई करायचे, तिचाच हा भाऊबंद. सालीतला तुरटपणा आणि हिराकसातलं लोखंड एकत्र येतं. लिहिताना अक्षर निळसर दिसतं, मग हवा लागून दिवसेंदिवस काळं होत जातं आणि कागदाच्या अंगात उतरतं. पाणी सांडलं तरी जात नाही. शाळा गळायची, दप्तर भिजायचं, साधी निळी अक्षरं वाहून जायची. पण जनरल रजिस्टरातला माणूस जिथल्या तिथं राहायचा.

जून १९८४ मध्ये एक बाई चार-पाच वर्षांची पोर घेऊन आली. पोरीचा हात कानाला पोचत नव्हता. मी म्हणालो, "बाई, पुढच्या वर्षी आणा." ती म्हणाली, "गुर्जी, घ्या की. पेरणीचे दिवस, रानात कुटं नेऊ हिला? थोरला तुमच्याकडंच हाय. त्याच्या मागं बसंल." मी विचारलं, "जन्म कधीचा?" बाई म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. बैलांच्या शिंगाचा रंग वला हुता अजून." साल? "थोरला शाळंत घातला त्याच सालचा पोळा."

बघा, निरक्षर बाईनं मला महिना, तिथी, साल, सगळं दिलं होतं. थोरल्याचं नाव त्याच रजिस्टरात होतं, १९७९ च्या जूनमध्ये दाखल. पंचांग काढायचं काम होतं फक्त. पण मला पट वाढवायचा होता, बाईला पेरणीला जायचं होतं आणि पोर पाटीवर रेघोट्या ओढत बसलीसुद्धा होती. मी लिहिलं, १ जून १९७८. सहा पूर्ण.

यात मी वाईट केलं असं मला आजही वाटत नाही. ती तारीख टाकली नसती तर ती पोर तेव्हा शाळेत आली नसती. कदाचित पुढच्या वर्षीही नसती. आमच्या भागात हजारो लेकरांना त्या १ जूननं आत घेतलं. अंदाज म्हणजे लबाडी नव्हे. मास्तरला ठाऊक असतं की हा अंदाज आहे. घोळ होतो तो पुढं, जेव्हा मास्तर हे विसरतो. किंवा विसरलो असं दाखवतो.

*

ती पोर हुशार निघाली. तिचं नाव इथं लिहीत नाही. माझ्या शाईत ते एकदा चुकीच्या तारखेसमोर बसलंय, तेवढं पुरे. माझी मध्यंतरी बदली झाली आणि १९९२ ला त्याच शाळेवर मुख्याध्यापक म्हणून परत आलो. तोवर ती हायस्कूलला होती. १९९६ च्या मार्चमध्ये बारावीची परीक्षा दिली. तिला डी.एड. करायचं होतं. म्हणायची, "गुर्जी, तुमच्याच शाळंवर येते बघा."

मे महिन्यात एक दिवस ऐन दुपारी घरी आली. स्थळ आलं होतं, बार्शीकडचं. त्या वर्षी आषाढ अधिक होता. तो लागायच्या आत लग्न उरकायचं बापानं ठरवलं होतं. पोरगी पुस्तकं वाचलेली. मुलीचं वय अठरा लागतं हा कायदा तिला ठाऊक होता. १९७८ च्या दुरुस्तीनं ते अठरा झालंय, हे मीच कधीतरी वर्गात सांगितलेलं. म्हणाली, "गुर्जी, आई म्हणते मी पोळ्यानंतरची. मला अठरा नाहीत. सतरासुद्धा नाहीत. दादा म्हणजे माझे वडील म्हणतात, शाळंचा कागद दाखव. तुम्ही लिहून द्या ना, तारीख अंदाजानं टाकली म्हणून."

मला सगळं आठवत होतं. बैलांच्या शिंगाचा ओला रंगसुद्धा. मी काय म्हणालो? म्हणालो, "रजिस्टरातली तारीख मला बदलता येत नाही बाळ. ती शाई पक्की आहे."

यात एक शब्द खोटा नव्हता. रजिस्टर परस्पर बदलायचा अधिकार मला नव्हताच. पण तिनं रजिस्टर बदलायला सांगितलं नव्हतं. मला जे माहीत होतं ते सांगायला सांगितलं होतं, कोऱ्या कागदावर, कुठल्याही शाईनं. मी घाबरलो. एक तारीख चुकीची म्हटली तर बाकीच्या शेकडो तारखांचं काय? साहेब विचारतील, असं किती केलंय? आणि फाईल उघडली तर ती हिरवी सही? हिशेब असा झाला बघा: कुणाचंही नुकसान न केलेल्या एका जुन्या सहीच्या भीतीनं मी एका लेकराचं नुकसान होऊ दिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा बाप आला. मुलीचा मामा कायद्याचं काही बोलत होता, म्हणून त्याला रजिस्टरचा उतारा पाहिजे होता. उतारा मागणं हा त्याचा हक्क होता. मी दिला. १ जून १९७८. अठरा पूर्ण, वर चार-पाच दिवस. खाली माझी सही, शाळेचा शिक्का. सही माझीच, शिक्का शाळेचाच, अधिकार पूर्ण. चुकीचा होता फक्त मजकूर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न झालं. मी गेलो. अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो. पुढच्या वर्षी तिची आई बाजारात भेटली. म्हणाली, पोरीचं पहिलं बाळंतपण लई अवघड गेलं. पोर वाचली, बाळ नाही राहिलं. तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. घरी आलो, जेवलो आणि झोपलो. झोप लागली.

हीच गोष्ट मला त्या रात्री हिरव्या दौतीसमोर बसून टोचली. हिरव्या सहीनं पस्तीस वर्षं झोप मोडली, आणि या सहीनं एक रात्रही मोडली नाही.

*

असं का व्हावं? मी मला समजलं तसं सांगतो. हिरव्या सहीत मी माझ्यापेक्षा मोठ्याचा हक्क चोरला होता. पकडलं तर शिक्षा करणारा वर बसलेला होता. निळ्याकाळ्या सहीत माझा हक्क शाबूत होता. भोगणारी खाली होती, माझ्या पाटीवर रेघोट्या ओढलेली. वरच्याचं घेतलं की आपल्याला चोरी वाटते. खालच्याचं गेलं की नियम वाटतो. मी भीतीला विवेक समजत आलो. पण भीती फक्त कोण पकडेल एवढंच विचारते. कुणाला लागलं, हे तिला विचारायचं नसतं.

कुणी म्हणेल, मास्तर, तू लिहून दिलं असतंस तरी बापानं ऐकलं असतं का? नसतं ऐकलं, बहुतेक. त्या काळी, आणि आजही, वय कागदावर बघून लग्नं ठरत नाहीत. कुणी म्हणेल, पोरीच्या अंगावर चार तोळे घालून बाप मोकळा झाला, त्यात तुझा काय दोष? हे सगळं मी मला सांगून बघितलंय. पण तिनं माझ्याकडं लग्न मोडून मागितलं नव्हतं. तिच्या बाजूनं एक माणूस खरं बोलणारा मागितला होता. तेवढा तिला मिळाला असता तर कदाचित काही बदललं नसतं; पण ती एकटी पडली नसती. मी साक्षीदार होतो आणि मी रजिस्टरामागं लपलो.

आणि आपण म्हणतो 'खरी प्रत'. प्रत मुळाबरहुकूम आहे एवढंच साक्षांकन सांगतं. मूळच खोटं असलं तर प्रत खोट्याची खरी प्रत होते. माझ्या मित्रानं खोट्या सहीखाली ओळ न् ओळ ताडून खरं तपासलं. मी खऱ्या सहीखाली, माहीत असलेलं, तपासायचं टाळलं. त्याची शाई पकडली असती तर तो तुरुंगात गेला असता. माझी शाई दर वर्षी तपासणीला जायची आणि साहेब शेरा मारून जायचे: अभिलेख व्यवस्थित.

*

मेळाव्याला ती आली होती. मागच्या खुर्चीवर बसली होती, पाठीमागं पदर घेऊन. ओळख करून देताना प्रत्येकानं नाव, गाव, काम सांगितलं. ती म्हणाली, "शिवणकाम करते. पोरगी लातूरला नर्सिंगला हाय." मग जेवताना जवळ आली. कुणीतरी वयावरून थट्टा केली, तर म्हणाली, "कागदावर सेहेचाळीस, खरी पंचेचाळीस. गुर्जींनी मोठी केली मला." सगळे हसले. तीही हसली. माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. जाता जाता एवढंच म्हणाली, "पोरीची तारीख मात्र मी दवाखान्यात उठून बसून लिहून घेतली. कागद हातात आल्याबिगर हलले नाही."

त्या रात्री, अर्धं पान गिरगिटून हिरवा रंग लागल्यावर, मी कपाटातून जुनी पंचांगं काढली. १९७९ चा पोळा २२ ऑगस्टला. म्हणजे ती २३ ऑगस्टची. लग्नाच्या दिवशी अठराला सव्वा वर्ष कमी. मग कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की अमुक मुलीचा जन्म २३ ऑगस्ट १९७९ चा आहे, हे तिच्या आईनं मला जून १९८४ मध्ये सांगितलं होतं. रजिस्टरातली तारीख मी अंदाजानं टाकली. मे १९९६ मध्ये तिनं विचारलं तेव्हा मला हे आठवत होतं आणि मी सांगितलं नाही. खाली नुसतं नाव लिहिलं. हुद्दा नाही, शिक्का नाही. सगळं हिरव्या शाईत, कारण पेनात तीच होती. आणि खरं सांगायचं तर, जिला इतकं भ्यालो तिच्यानं हे एकदा लिहून बघावं असंही वाटलं.

लिहून झाल्यावर 'सव्वा'वर पाण्याचा थेंब पडला. तांब्या शेजारीच होता, धक्का लागला असेल. अक्षर लगेच पसरलं. ही साधी रंगाची शाई; उन्हात ठेवली तर विटेल, भिजली तर जाईल. तिकडं शाळेच्या कपाटात १ जून १९७८ अजून काळाभोर बसला आहे आणि माझ्यामागं शंभर वर्षं बसेल. माझ्या या कागदाला कुठल्या ऑफिसात किंमत नाही. माहीत असूनही कागद दुसरा घेतला आणि पुन्हा लिहिला, तांब्या लांब ठेवून.

दुसऱ्या दिवशी ती सासरी निघाली होती. मी फाट्यावर गेलो. एस.टी.ला अवकाश होता. कागद दिला. तिनं उभ्यानंच वाचला. दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ लागला. मग म्हणाली, "हिरव्या शाईत का लिव्हलंय?"

"नवी मिळाली. करून बघितली."

"आधारावर १ जूनच राहणार की पण, गुर्जी."

"राहणार."

"मग आता ह्याचं काय करू?"

मला उत्तर नव्हतं. माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होतो, तर एस.टी. आली. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीतल्या पोरीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. पायरीवर चढता चढता म्हणाली, "तेवीस ऑगस्टला फोन करा." माफ केलं की नाही ते बोलली नाही. तो तिचा हक्क आहे.

यंदा योग असा, की पोळाही २२ ऑगस्टलाच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. मागं शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"बोला गुर्जी."

मी म्हणालो, "आज सेहेचाळीस पूर्ण."

पलीकडं थोडा वेळ काही नाही. मग म्हणाली, "पहिल्यांदाच कुणी सांगितलं बघा." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.